माइकखालचा आठवा खंड

सोमवार, ४ मार्च

ही वही साहेबांनी रेकॉर्डिंगची नोंद ठेवायला दिली. पुढून नोंदी ठेवीन आणि मागून माझं लिहीन. कुणी उघडलीच तर पुढची चार पानं बघून कंटाळेल आणि मिटून ठेवेल.

साहेब म्हणजे या तुरुंगाचे सगळ्यात मोठे अधिकारी. कैद्यांना रोज थोडं ज्ञान द्यायचं त्यांच्या डोक्यात आलं. दुपारी एक वाजता, जेवणाच्या वेळी, पाच मिनिटं, एक विषय. गेल्या वर्षीच्या मारामारीनंतर मधे भिंती घालून चारही बराकींची अंगणं वेगळी केली आहेत. या बराकीतल्याचा निरोप त्या बराकीत जात नाही. कर्णा मात्र चारही अंगणांत आहे. आवाजासाठी माझी निवड झाली, कारण बाहेर मी भाजीबाजारात लिलाव पुकारायचो. इथं ज्याचा जो धंदा तेच त्याचं नाव, पण 'लिलाववाला' म्हणायला जीभ थकते, म्हणून मी भोंगा.

विषय कुणी निवडायचा यावरून पहिल्याच दिवशी डोकी फुटली असती. म्हणून ते नशिबावर सोडलंय. ग्रंथालयात कुणा डॉक्टरच्या घरच्यांनी देऊन टाकलेले ज्ञानकोशाचे दहा खंड आहेत. ग्रंथालय मास्तर सांभाळतात. डोळे मिटून ते एक खंड ओढतात, त्यात लाकडी पट्टी खुपसतात, पट्टी जाईल तिथला विषय. मग त्याचा सारांश सुरेख अक्षरात पानभर लिहून माझ्याकडे पाठवतात. मास्तरही कैदीच, बाहेर खरोखरचे शाळामास्तर होते. काय केलंत म्हणून विचारलं तर म्हणतात, "एक शुद्धलेखनाची चूक झाली." माणूस मजेशीर आहे.

आजचा विषय शहामृग. त्याचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो. तिसऱ्या अंगणातून कुणीतरी ओरडलं, "भोंग्या, तुझ्याच घराण्यातला दिसतोय." सहा वर्षांत इतकी माणसं मला एकदम हसली नव्हती. बरं वाटलं.

गुरुवार, ७ मार्च

विषय दलदल. माझ्या कोठडीत घड्याळजी काका आहेत. ते म्हणाले, "अरे, दलदल विकत होतास की काय? एक वार, दोन वार, तीन वार. जरा हळू बोल. माणसं पळून जाणार नाहीयेत, तुरुंग आहे हा."

काकांना सत्तरी उलटून गेली. त्यांचा हात अजून इतका स्थिर की सुईत दोरा एका झटक्यात ओवतात. माझ्यावर रागावू शकणारा आणि तरीही माझ्या हातचा मार न खाल्लेला हा एकच माणूस.

आज त्यांनी हळूच सांगितलं की चौकशीत साक्ष द्यायला ते तयार झालेत. गवंड्याच्या मरणाची चौकशी. जानेवारीत पाण्याच्या टाकीजवळ मुकादमानं गवंड्याचे केस धरून त्याचं डोकं पायरीवर आपटलं. दहा-बारा वेळा. पहिल्या चार वेळा गवंडी ओरडला, नंतर फक्त पायरीचा आवाज येत होता. मुकादम कैदीच, पण चारही बराकींत त्याची माणसं आहेत. आता तो मागच्या एकट्या कोठडीत आहे. त्याच्यापर्यंत पहारेकरी जातो आणि मास्तरांची पुस्तकांची गाडी जाते, बस.

साक्ष देणारे चार आहेत म्हणे. बाकीचे कोण ते काकांना माहीत नाही. अक्षर चांगलं म्हणून ज्यांना जबाब लिहून घ्यायला बसवलं त्या मास्तरांनाच काय ते ठाऊक.

मीही टाकीजवळ होतो. चौकशीवाल्यांना मी सांगितलं की शौचालयात होतो. खोटं आहे, इथं लिहून ठेवतो.

मंगळवार, १२ मार्च

ताईचं कार्ड आलं. सहा वर्षांत पहिलं. साहेब हे भाग बाहेरच्या लोकांनाही ऐकवतात, फोनवर मिळतात म्हणे. तिनं मधमाशीचा ऐकला. तीनच ओळी: "तुझा आवाज ओळखला. मधमाशी नाचून पत्ता सांगते हे माहीत नव्हतं. अजून ओरडतोसच."

भाऊजींनी त्या दिवशी बाजारात सगळ्यांसमोर तिच्या कानाखाली मारली. माझ्या हातात दोन किलोचं वजन होतं. एकदाच मारलं असतं तर ते जगले असते, वकील म्हणाला होता. किती वेळा मारलं ते मला आठवत नाही, कागदपत्रांत नऊ लिहिलंय. मी ताईला म्हणालो, "तुझ्यासाठी केलं." ती म्हणाली, "मी तुला मार म्हटलं नव्हतं." त्यानंतर ती बोललीच नव्हती.

कार्ड उशीखाली ठेवलंय. काकांनी विचारलं, काय लिहिलंय. मी म्हणालो, मधमाशीबद्दल आहे.

गुरुवार, १४ मार्च

विषय भरती-ओहोटी. मधेच पहारेकरी खोलीत शिरून मोठ्यानं शिंकला. मी टेबलावर मूठ आपटली आणि माइकचा स्टँड मुळापासून मोडला. स्वभावाला औषध कुठून आणू?

मास्तर दात काढायला दवाखान्यात गेले होते. मी गाडीवरचा एक जाडजूड खंड उचलून आणला आणि माइक त्यावर ठेवला. अगदी तोंडासमोर आला. नोंद कुठं केली नाही. मास्तर पुस्तकाच्या पानाला घडी पडली तरी अंगावर येतात, हे कळलं तर माझी काही धडगत नाही.

सोमवार, १८ मार्च

विषय सुतारकाम. छान होता. दोन लाकडं खिळ्याशिवाय एकमेकांत कशी बसवतात ते सांगितलं.

संध्याकाळच्या मोजणीला सुतार कमी भरला. कार्यशाळेत सापडला. तोंडात कपडा कोंबून उजवा हात शिकंज्यात पकडला होता आणि करवतीनं चार बोटं कापली होती. अंगठा ठेवला होता. मोजणी संपेपर्यंत तो तिथंच शिकंज्यात अडकून उभा होता, कारण खाली बसला असता तर हात उपटला असता. दुसऱ्या बराकीतला. त्यानं कुणाचं काय वाकडं केलं होतं कळेना.

आणि मी दुपारीच सुतारकामावर बोललो होतो. योगायोग कसे असतात बघा.

बुधवार, २७ मार्च

विषय केशकर्तन. जुन्या काळी काही देशांत न्हावीच दात काढायचे आणि जखमा शिवायचे. पाच मिनिटं हशा होता.

चार वाजता पहिल्या बराकीतल्या न्हाव्याला धरलं. त्याच्याच वस्तऱ्यानं तोंड दोन्ही बाजूंनी कानापर्यंत फाडलं. दोघांनी हात धरले, तिसऱ्यानं अगदी सावकाश काम केलं, असं पहारेकरी सांगत होता. त्याच्या बुटांवर रक्त होतं, ते तो सारखं गवताला पुसत होता. न्हावी जगेल. बोलेल की नाही सांगता येत नाही.

मी काकांना म्हणालो, "माझा पायगुण वाईट दिसतोय." काका हसले नाहीत. म्हणाले, "उद्याचा विषय काय आहे?" मला कसा माहीत असणार? तो नशिबावर असतो.

मंगळवार, २ एप्रिल

विषय रंगकाम.

चौथ्या बराकीतला रंगारी. त्याच्या अंगावर टर्पेंटाइन ओतून पेटवलं. मी खिडकीतून बघितलं. तो पळत होता आणि ज्याच्या ज्याच्याकडे जाई तो बाजूला होत होता. भिंतीला अंग घासून विझवायला बघत होता. गेल्याच आठवड्यात त्यानंच ती भिंत पांढरी केली होती. मी लोखंडी गजांवर डोकं आपटत ओरडत होतो. बाजारात माझा आवाज तीन गल्ल्या ऐकू जायचा, इथं कुणी मान वळवली नाही.

संध्याकाळी सहाला तो गेला.

बुधवार, ३ एप्रिल

आज विषय गोगलगाय होता. वाचून झाल्यावर माइक सरळ करत होतो. खालच्या पुस्तकाच्या पाठीवर लिहिलेलं तीन आठवड्यांत पहिल्यांदा वाचलं. खंड आठ, य ते श.

रंगकाम यातच असायला हवं. हा खंड १४ मार्चपासून माझ्या माइकखाली आहे. मग काल मास्तरांनी पट्टी कशात खुपसली?

खंड उघडला. रंग आहे, त्यानंतर थेट रंगभूमी. रंगकाम नाहीच. मी वाचलेलं ते पानभर मास्तरांनी मनानं लिहिलं होतं. जो माणूस रोज डोळे मिटून दहातला एक खंड ओढतो, त्याला दहाचे नऊ झालेले तीन आठवडे कळले नाहीत. याचा अर्थ तो ओढतच नव्हता.

मी खुर्चीवर बसून राहिलो. पहारेकऱ्यानं विचारलं, काय झालं. म्हणालो, पोटात दुखतंय. सुतार, न्हावी, रंगारी. साक्ष देणारे चार, आणि काका चौथे.

गुरुवार, ४ एप्रिल

साहेबांकडे गेलो. खंड आठ बरोबर नेला. सगळं सांगितलं, पान काढून दाखवलं. साहेबांनी ऐकून घेतलं. ते म्हणाले, "भोंगा, हे तुरुंग आहे. इथं मारामारी रोजची. शहामृग वाचलास त्या दिवशी शहामृगाला कुणी मारलं का?" स्वतःच्याच विनोदावर हसले. मग म्हणाले की पुढच्या महिन्यात वरून माणसं हा कार्यक्रम बघायला येणार आहेत, त्याआधी आपल्याला असलं काही ऐकायचं नाही. "मास्तरांशी बोलतो मी. पुस्तकांच्या नोंदी नीट ठेवायला सांगतो."

मी म्हणालो, "साहेब, त्यांच्याशी बोलू नका." ते म्हणाले, "का? मी काय त्यांना घाबरतो?"

शुक्रवार, ५ एप्रिल

मास्तर स्वतः पान घेऊन आले. दार लावून घेतलं.

"साहेबांनी विचारलं मला," ते म्हणाले. "तुम्ही माझं पुस्तक नेलंत ते आधी सांगायला हवं होतं. गबाळेपणा झाला माझा."

मी त्यांची मान धरली. मान बारीक आहे, माझी बोटं मागे जुळली. ते धडपडले नाहीत. डोळे बाहेर यायला लागले तशी सोडली. सहा वर्षांपूर्वी सोडली नसती. जमिनीवर बसून खोकत त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, रुमालाची घडी घातली आणि शाळेत सांगावं तसं सांगितलं.

"मुकादमाला चार बराकींत एकदम निरोप द्यायचा असतो. निरोप द्यायला कर्ण्याशिवाय दुसरं काय आहे? तो मला विचारतो साक्षीला कोण, मी सांगतो. मग तो दिवस सांगतो, मी विषय लिहितो. ज्या धंद्याचा विषय, त्या धंद्याचा माणूस. त्याच्या माणसांशी एवढंच ठरलंय."

"तुम्हाला लाज नाही वाटत?"

"मला मुलगी आहे. बाहेर, एकटी राहते. तिच्या जिन्याला किती पायऱ्या आहेत ते मुकादमानं मला सांगितलं. मी मोजल्या नव्हत्या कधी."

त्यांनी कपडे झटकले.

"व्यवस्था चांगली आहे. निरोप कोण नेतो ते त्याच्या माणसांनाही माहीत नाही. मला ते ओळखत नाहीत, त्यांना फक्त कर्णा कळतो." त्यांनी टेबलावर पान ठेवलं. "हे सोमवारचं. तुम्ही नाही वाचलंत तर मंगळवारी दुसरं कुणी वाचेल. त्याच्या हातात मी दोन पानं देईन. दुसऱ्या पानाचा विषय लिलाव असेल."

पानावर वर लिहिलं होतं, घड्याळ. अक्षर नेहमीसारखंच सुरेख.

रविवार, ७ एप्रिल

काकांना सांगितलं.

"वाच," ते म्हणाले. "माझं काय राहिलंय आता? पण साक्ष शुक्रवारी आहे, तोवर राहिलो असतो तर बरं झालं असतं. गवंड्याच्या बायकोला मी शब्द दिलाय."

"मी दुसरं काही वाचलं तर?"

"तर मला एक दिवस जास्त मिळेल आणि तूही जाशील." मग त्यांनी माझा कान धरला, अगदी जोरात पिळला. "माझ्यासाठी कुणाला काही करायचं नाही. ऐकतोयस ना? तुझी ताई एकदा सांगून थकली. मी दुसऱ्यांदा सांगतोय."

मी हो म्हटलं. मी खोटं बोललो की काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं. आता लिहिताना वाटतं, माहीत होतं.

सोमवार, ८ एप्रिल

माइकखालचा खंड काढला. डोळे मिटून पट्टी खुपसली, असं लिहिणार होतो, पण या बाजूला खोटं लिहायचं नाही असं ठरलंय. डोळे उघडे होते. य, र, ल, व सगळं मागे टाकलं आणि श काढला.

विषय शाळा. कोशात सव्वा पानाचा आहे. जगात पहिल्या शाळा कुठं होत्या, पोरं मातीच्या पाट्यांवर कशी लिहायची, हे होतं. शेवटी दोन वाक्यं मी माझ्या मनाची घातली. शाळेत सगळ्यात महत्त्वाचा असतो तो मास्तर. जिथं पुस्तकं असतात तिथं तो सापडतो.

खंड हातात असल्यामुळे माइक खाली गेला होता. मला वाकून, टेबलाला हनुवटी टेकवून बोलावं लागलं. जोर लावताच आला नाही. बाहेर चारही अंगणं शांत होती. थाळ्यांचा आवाजसुद्धा नव्हता.

वाचून झाल्यावर दारातून ग्रंथालयाचा बोळ दिसत होता. मास्तर कर्ण्याखाली उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते पळाले असते, पहारेकऱ्याला हाक मारली असती, तर मी काही केलं नसतं. ते आत गेले आणि गाडीवरची पुस्तकं जागेवर लावायला लागले. मला वाटतं, ते मुलीचा विचार करत असतील. नाहीतर काही सुचत नसेल.

तीन वाजता दुसऱ्या बराकीतली तीन माणसं पुस्तकं बदलायला आली. त्यांच्याकडे घासून टोकदार केलेले चमचे होते. एकवीस भोकं मोजली दवाखानेवाल्यानं. शेवटी कपाट अंगावर पाडलं. मी बोळात उभा होतो, कपाट पडल्याचा आवाज ऐकला. त्यांनी एकदाही हाक मारली नाही. पुस्तकं सगळी लाल झाली होती, खंड दोन तर पिळावा लागला असता. मास्तरांच्या उजव्या हातात लाकडी पट्टी होती. ती त्यांनी मारायला उचलली होती की पुस्तकात घालायला, कळत नव्हतं.

संध्याकाळी मी पोटभर जेवलो. हे मला सगळ्यात जास्त खटकतंय. भाऊजींच्या वेळी मी तासभर ओकत होतो.

मंगळवार, ९ एप्रिल

साहेबांनी बोलावलं. टेबलावर कार्यक्रमाच्या नोंदीची, मी वहीतून उतरवून दिलेली पानं होती. ते बराच वेळ 'शाळा' या शब्दाकडे बघत होते. मी म्हणालो, "योगायोग, साहेब." त्यांनी पानं मिटून ठेवली. या वेळी ते हसले नाहीत, मीही हसलो नाही.

मास्तरांची मुलगी आली होती, सामान न्यायला. फाटकापाशी बघितली. तिनं पहारेकऱ्याला विचारलं, "त्यांचा कुणाशी वाद होता का?" पहारेकरी म्हणाला, "नाही हो. देवमाणूस होता."

शुक्रवार, १२ एप्रिल

काकांनी साक्ष दिली. एकट्यानंच दिली. मुकादमाला दुसऱ्या तुरुंगात हलवणार असं ऐकतो.

चौकशीवाल्यांनी मलाही परत बोलावलं. टाकीजवळ होतात का? मी शौचालयात होतो असंच सांगितलं. का ते माझं मला कळत नाही. खरं बोलायला दोन मिनिटं लागली असती. ती दोन मिनिटं जानेवारीत बोललो असतो तर... जाऊ दे.

काका सोमवारपासून माझ्याशी बोलत नाहीत. मी पाणी भरून ठेवतो, ते स्वतः उठून दुसरं भरतात. आज मी म्हणालो, "काका, तुम्ही जिवंत आहात." ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मी तुला सांगितलं होतं." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोललो असतो.

सोमवार, १५ एप्रिल

नवा ग्रंथपाल मिळेपर्यंत विषय मीच काढतो. डोळे मिटून. आज लिंबू निघालं.

ताईचं कार्ड आलंय. तसंच लिहून ठेवतो:

"शाळेचा भाग ऐकला. दोनदा ऐकला. जन्मात पहिल्यांदा तू ओरडला नाहीस. इतकं शांत, समजुतीनं बोललास की मला रडू आलं. वाटलं, माझा भाऊ बदलला. असाच राहिलास तर पुढच्या महिन्यात भेटायला येईन."

साहेबांनी माइकला नवा स्टँड दिलाय, उंच, चांगला. तो मी कोपऱ्यात ठेवला. आठवा खंड पुसून कपाटात परत लावला. उद्या वाकूनच वाचणार आहे.